डांबरी कागदाच्या झोपड्यांतील बंड

मॉन्टगोमेरीच्या बस बहिष्काराला अद्याप साडेचार वर्षांचा अवकाश होता आणि मार्टिन ल्यूथर किंग हे नाव कोणाला ठाऊक नव्हते, तेव्हा अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील फार्मव्हिल या लहानशा गावी एका सोळा वर्षांच्या मुलीने शाळा बंद पाडली. तिचे नाव बार्बरा जॉन्स.

१९३५ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली बार्बरा वाढली ती प्रिन्स एडवर्ड परगण्यात. तेथील कृष्णवर्णीयांचे मोटन हायस्कूल १९३९ मध्ये १८० विद्यार्थ्यांसाठी बांधलेले. १९५१ पर्यंत तेथे साडेचारशे मुले कोंबली गेली होती. नव्या इमारतीऐवजी मिळाल्या त्या डांबरी कागदाने मढवलेल्या झोपड्या. पावसात छत गळे. हिवाळ्यात शेगडीलगतची मुले भाजून निघत, तर दूरची कोट घालून कुडकुडत. गोऱ्यांच्या शाळेत व्यायामशाळा होती, उपाहारगृह होते. पालकांच्या विनंत्यांना केवळ आश्वासने मिळत.

२३ एप्रिल १९५१ रोजी मुख्याध्यापकांना दूरध्वनी आला, की काही विद्यार्थी बसस्थानकावर अडचणीत सापडले आहेत. ते तिकडे धावले आणि वर्गावर्गांत सभेच्या चिठ्ठ्या पोहोचल्या. सभागृहाचा पडदा सरकला, तो व्यासपीठावर बार्बरा! शिक्षकांना बाहेर जाण्यास सांगून तिने संपाची हाक दिली. तो दोन आठवडे चालला. बेताची कल्पना नसलेल्या मुख्याध्यापकांची नोकरी मात्र पुढे गेलीच.

मुलांची मागणी होती चांगल्या इमारतीची. मदतीस आलेले वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांनी अट घातली, की दावा लढायचा तर विभक्त शाळांच्या प्रथेविरुद्धच. पालकांसाठी ही उडी मोठी होती. रोजीरोटी गोऱ्यांच्या हाती होती. तरीही ११७ विद्यार्थ्यांच्या नावे दावा गुदरला गेला. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले, त्या ऐतिहासिक निकालातील पाच दाव्यांपैकी हा एक. विद्यार्थ्यांच्या संपातून उभा राहिलेला एकमेव.

त्याआधीच शाळेच्या आवारात क्रूस जाळला गेला होता. भयभीत आईवडिलांनी बार्बराला मॉन्टगोमेरीला, धर्मोपदेशक काका व्हर्नन जॉन्स यांच्याकडे धाडले. (त्यांच्याच चर्चमध्ये नंतर किंग आले.) परगण्याने तर निकाल मानण्याऐवजी १९५९ ते १९६४ सरकारी शाळांनाच कुलूप ठोकले! गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली; कृष्णवर्णीय मुलांची पाच वर्षे वाया गेली.

बार्बरा फिलाडेल्फियात ग्रंथपाल झाल्या, पाच मुलांचा संसार केला आणि १९९१ मध्ये वारल्या. गुलामगिरीवाद्यांचे सेनापती रॉबर्ट ली यांचा व्हर्जिनियाने दिलेला पुतळा १९०९ पासून अमेरिकी संसद भवनात होता. डिसेंबर २०२० मध्ये तो हलवण्यात आला आणि त्या जागेसाठी राज्याने बार्बरा यांची निवड केली.