नाना शंकरशेट

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई हे बेटे जोडून नुकतेच आकारास येत असलेले शहर होते. कोटाच्या आत पेढ्या व कचेऱ्या. कोटाबाहेर गिरगाव, भुलेश्वर, मांडवी या भागांत दाट वस्ती. सधन लोक पालखीतून वा घोडागाडीतून हिंडत. बाकी सारे पायी. ठाण्यास जायचे तर बैलगाडीची दिवसभराची वाट धरावी, नाहीतर भरतीची वेळ पाहून मचव्यात बसावे.

अशा काळी, १० फेब्रुवारी १८०३ रोजी, मुरबाडच्या मुरकुटे घराण्यात जगन्नाथ शंकरशेट यांचा जन्म झाला. लोक त्यांना नाना म्हणत. १८२२ साली वडील वारले आणि ऐन विशीच्या उंबरठ्यावर पेढीचा सारा भार नानांवर आला. व्यापार त्यांनी वाढविला. परंतु त्यांचे चित्त पेढीपेक्षा शहराच्या कारभारात अधिक रमे. शाळा, ग्रंथालये, दवाखाने यांस त्यांचा हात नेहमी सैल असे. १८४९ साली मुलींच्या शाळेसाठी त्यांनी आपल्या वाड्यात जागा दिली. त्या दिवसांत ही गोष्ट सोपी नव्हती.

इंग्लंडात आगगाड्या धावू लागल्याचे वृत्त मुंबईस येऊन पोहोचले, तेव्हा आपल्या प्रांतातही तशी गाडी असावी, असा ध्यास नानांनी घेतला. १८४५ साली या कामासाठी मंडळी स्थापन झाली. नाना व सर जमशेटजी जिजीभाई हे तिचे एतद्देशीय आधारस्तंभ होते. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनी उभी राहिली, तेव्हा तिच्या संचालकांतही हे दोघे होते. इंग्रज व्यापाऱ्यांचा डोळा वऱ्हाडच्या कापसावर होता, हे खरे. लोकांत तर नाना शंका पसरल्या होत्या. बैलावाचून चालणारी ही गाडी कोणाला भुताटकी वाटे. कोणी तिला चाक्या म्हसोबा म्हणे. आपल्या एका प्रतिष्ठित सावकाराने तीत पैसा व नाव गुंतविले आहे, याचा लोकांवर परिणाम झाल्यावाचून राहिला नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरावर तोफांची सलामी झडली. साहेब, सिंध व सुलतान अशी तीन इंजिने जोडलेली, चौदा डब्यांची गाडी सुमारे चारशे निमंत्रितांना घेऊन निघाली आणि दिवसभराची एकवीस मैलांची वाट तिने सुमारे तासाभरात कापली. पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणास पोहोचला. मुरबाडकडच्या माणसाला मुंबई एकाएकी जवळ आली.

लांबची वाट जवळ आणणाऱ्या याच नानांना शहरातली एक जवळची वाट राखण्यासाठी सरकारशी भांडावे लागले. गिरगावानजीक सोनापूर येथे हिंदूंची स्मशानभूमी होती. आरोग्याचे कारण पुढे करून ती शिवडीस हलवावी, असा सरकारचा बेत ठरला. कागदावर तो शहाणपणाचा दिसत होता. परंतु प्रेत खांद्यावरून न्यायचे; गिरगावातल्या गरिबाने भर पावसात मैलोगणती चालत शिवडी कशी गाठावी? गाडीघोड्यांचे धनी असलेल्या नानांस स्वतःला याची झळ फारशी लागली नसती. तरीही त्यांनी लोकांची बाजू हिरिरीने मांडली आणि बेत रद्द करविला.

१८५७ च्या धामधुमीत नानांवर बंडवाल्यांशी संधान असल्याचा संशय घेण्यात आला. तो निराधार ठरला. १८६२ साली ते मुंबईच्या कायदेकौंसिलात बसले. रस्त्यांवर गॅसचे दिवे लागावेत म्हणूनही ते झटत होते. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती आठ लाखांवर गेली होती. पुढच्या वर्षी, ३१ जुलै १८६५ रोजी, नानांनी देह ठेवला. गॅसचे दिवे त्यानंतर ऑक्टोबरात पेटले. ते पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

सोनापूरची स्मशानभूमी चंदनवाडी या नावाने अद्याप त्याच परिसरात आहे. तिच्या जवळून गिरगावात जाणाऱ्या रस्त्यास आता जगन्नाथ शंकरशेट मार्ग म्हणतात.