वनस्पतींचे वैद्य : सर एडविन जॉन बटलर

मनुष्य आजारी पडला तर आपलें दुखणें तो वैद्यास सांगूं शकतो; मुकें जनावर निदान विव्हळून तरी दाखवितें. वनस्पतीस ह्यांपैकीं कांहींच साधत नाहीं. भीमेकांठच्या मळ्यांतील कलिंगडाचा हिरवागार वेल, फळ धरूं लागतो न लागतो तोंच, जमिनींत ओल असतांही एकाएकीं मान टाकतो. सोलापूरच्या काळ्या रानांत फुलावर आलेली तूर जागजागीं वाळूं लागते. शेतकरी ह्यास मर रोग म्हणतात. कोणी पाण्यास दोष देतो, कोणी उन्हास, तर कोणी दैवास. ह्या मुक्या रोग्यांची नाडी पाहण्याची विद्या ज्यांनीं हिंदुस्थानांत रुजविली, त्या सर एडविन जॉन बटलर ह्यांचा अल्प परिचय विद्यार्थिमित्रांस करून देण्याचें येथें योजिलें आहे.

बटलरसाहेबांचा जन्म ता. १३ ऑगस्ट १८७४ रोजीं आयर्लंडांतील किलकी ह्या समुद्रकांठच्या गांवीं झाला. कॉर्क येथील क्वीन्स कॉलेजांत त्यांनीं वैद्यकाचा अभ्यास केला व १८९८ सालीं ते डॉक्टर झाले. परंतु त्याच कॉलेजांतील प्रोफेसर मार्कस हार्टॉग ह्यांच्या सहवासानें त्यांस सूक्ष्म बुरशांच्या अभ्यासाची गोडी लागली होती. दवाखाना थाटून सुखानें राहण्याचा मार्ग मोकळा असतांही तो त्यांनीं धरला नाहीं. पॅरिस, फ्रायबुर्ग व क्यू येथें राहून त्यांनीं ह्या नव्या विद्येचें अध्ययन केलें, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदुस्थान सरकारच्या नोकरींत ते कलकत्त्यास आले. १९०२ सालीं त्यांची डेहराडूनला बदली झाली व पुढें बिहारांतील पुसा येथें नवी कृषिसंशोधनसंस्था निघाली तेव्हां ते तेथें गेले.

पुसा येथील त्यांच्या कार्यांत तुरीच्या मर रोगाचें निदान विशेष स्मरणीय आहे. ह्या रोगांत वरून दिसणारीं लक्षणें फसवीं असतात. पानें पिवळीं पडतात, शेंडे लोंबतात, आणि पाहणारास वाटतें कीं झाड तहानेनें व्याकूळ झालें आहे. परंतु पाणी दिलें तरी तें सावरत नाहीं. मात्र खोडाच्या तळाशीं साल सोलून पाहिली तर आंतील लांकडावर काळ्या रेघा वर चढत गेलेल्या दिसतात. मुळांनीं शोषलेलें पाणी ज्या नळ्यांतून शेंड्याकडे जातें, त्याच काळवंडून निकामी झालेल्या असतात. कलिंगडाचा वेल बुंध्याशीं उभा चिरला असतांही तशाच तपकिरी नळ्या दृष्टीस पडतात. विहिरींत पाणी असून पाट तुंबला म्हणजे मळ्याची जी दशा होते, तीच ह्या झाडांची होते.

पण पाट तुंबविणारा कोण? अमेरिकेंतील थोर शास्त्रज्ञ एर्विन स्मिथ ह्यांनीं १८९९ सालीं कापूस, कलिंगड व चवळी ह्यांच्या मर रोगाविषयीं ग्रंथ प्रसिद्ध केला होता. मेलेल्या मुळांवर तांबूस दाण्यांसारखीं फळें धरणारी निओकॉस्मोस्पोरा नांवाची बुरशी त्यांस आढळली, आणि नळ्यांत वाढणाऱ्या फ्युझेरियम बुरशीचीच ती पुढची अवस्था होय, असें त्यांनीं अनुमान केलें. स्मिथ ह्यांची योग्यता मोठी असल्यामुळें तें मत मान्य झालें होतें. बटलरसाहेबांनाही तुरीच्या मेलेल्या मुळांवर तीच बुरशी सांपडली. ग्रंथांत लिहिलेलें डोळ्यांस दिसलें, एवढ्यावर दुसरा कोणी थांबला असता. बटलर थांबले नाहींत. मेलेल्या जनावराभोंवतीं गिधाडें जमतात, म्हणून त्यांनींच तें मारिलें असें ठरत नाहीं. त्यांनीं दोन्ही बुरशा निरनिराळ्या वाढविल्या व निरोगी रोपांवर त्यांची परीक्षा पाहिली. फ्युझेरियमनें झाडें मेलीं. निओकॉस्मोस्पोरानें मेलीं नाहींत. ती केवळ मेलेल्या मुळांवर जगणारी ठरली. हें संशोधन १९१० सालीं प्रसिद्ध झालें आणि खऱ्या अपराध्यास त्यांनीं फ्युझेरियम उडम असें नांव दिलें.

हा वाद केवळ विद्वानांचा नव्हता. ही बुरशी जमिनींत व कुजक्या धसकटांत वर्षानुवर्षें टिकते. उभें झाड एकदां बाधलें कीं त्यास औषध नाहीं; सारा उपाय पुढच्या पेरणीच्या विचारांत आहे, आणि तो विचार निदानावरच अवलंबून असतो. कलिंगडाची बुरशी निराळी व तुरीची निराळी, हें कळलें म्हणजे कोणत्या रानांत कोणतें पीक घेऊं नये हें समजतें. ज्वारीबरोबर तूर पेरली असतां मर कमी होते, हें पुढें प्रयोगांनीं दिसून आलें. मराठवाड्यांतील बदनापूर येथें निपजलेला बीएसएमआर ७३६ हा तुरीचा वाण मर रोगास दाद देत नाहीं. कलिंगडांतही ऑर्टन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९११ च्या सुमारास संकरानें असा वाण काढिला होता.

१९१८ सालीं बटलरसाहेबांचा बुरशा व वनस्पतिरोग ह्यांवरील प्रसिद्ध ग्रंथ कलकत्त्यास छापला गेला. त्यांच्या हाताखालीं जहांगीर फरदुनजी दस्तूर ह्यांच्यासारखे हिंदी संशोधक तयार झाले. १९२० सालीं क्यू येथें निघालेल्या बुरशीशास्त्राच्या संस्थेचे ते पहिले डायरेक्टर झाले. १९२६ सालीं ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले व १९३९ सालीं त्यांस सर ही पदवी मिळाली. ता. ४ एप्रिल १९४३ रोजीं ते निवर्तले. पुसा येथील संस्थेची इमारत १९३४ च्या भूकंपांत पडली आणि ती संस्था पुढें दिल्लीस गेली. परंतु बटलर ह्यांनीं घालून दिलेली निदानाची शिस्त अद्याप चालू आहे.

विद्यार्थिमित्रहो, थोरांच्या मताचा आदर करावा, पण तें पारखून घेण्याचा कंटाळा करूं नये, हा धडा ह्या चरित्रापासून घेण्यासारखा आहे. सुट्टींत गांवीं गेलां आणि रानांत एखादें झाड अवेळीं वाळलेलें दिसलें, तर त्यास दैवाच्या पदरीं टाकूं नका. तें उपटा, बुंधा चिरा, आंत काय आहे तें पाहा, आणि जें दिसेल तें घरच्या वडील माणसांस सांगा. एका झाडाच्या परीक्षेंत पुढच्या सालचें सबंध रान वांचविण्याचें सामर्थ्य असतें.