गरिबांचे डॉक्टर भाऊ दाजी

मुंबईला राणीच्या बागेत जे जुने म्युझियम आहे, त्याला १९७५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले. भाऊ मोठे विद्वान होते, पण मला ते आवडतात ते गरिबांचे डॉक्टर म्हणून.

भाऊंचा जन्म गोव्यातल्या एका खेड्यात झाला. घरची गरिबी. पुढे ते मुंबईला आले. लहानपणी ते बुद्धिबळ फार छान खेळत. त्यांची हुशारी पाहून त्यांना इंग्रजी शाळेत घातले. शिकून ते शिक्षक झाले. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, तेव्हा नोकरी सोडून ते पुन्हा बाकावर बसले आणि १८५१ साली पहिल्याच तुकडीत पास झाले.

मोठमोठे लोक त्यांचे औषध घेत. पण गोरगरिबांसाठी त्यांनी धर्मार्थ दवाखाना काढला. धाकटे भाऊ डॉ. नारायण यांची त्यांना साथ होती. महारोग्याला तेव्हा कोणी जवळ करत नसे. भाऊंनी त्या रोगावर झाडपाल्याची औषधे करून पाहिली. १८६५ साली शेअरच्या व्यापारात त्यांचा पैसा बुडाला, पण नाव बुडाले नाही. पुढे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. ३१ मे १८७४ रोजी ते वारले.

माझा मामा शीव कोळीवाड्यात राहतो. शीव म्हणजे हद्द. भाऊंच्या काळी शहर दक्षिणेला आणि शीव बेटाच्या उत्तर टोकाला. तिथल्या कोळ्याला ताप आला तर शहर किती लांब! म्हणजे दवाखाना नुसता फुकट असून भागत नाही, तो जवळही हवा. १९४७ साली शीवलाच इस्पितळ सुरू झाले. आता मामा तिथे चालत जातो. भाऊंच्या नावाचा रस्ताही त्याच बाजूला, माटुंग्याला आहे.

आमच्या गावात मात्र डॉक्टर नाही. गेल्या पावसाळ्यात आजीला सणकून ताप भरला. ओढ्याला पूर, एस.टी. बंद. बाबा आणि काकांनी तिला झोळीत घालून लांबच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, हिला आधी काय आजार होता, कोणती गोळी सोसत नाही? कोणालाच धड सांगता येईना. नेहमीचा डॉक्टर असता तर त्याला सारे पाठ असते. आजी बरी झाली, पण दोन दिवस आमच्या घरात चूल पेटली नाही.

खेड्यातला एक मुलगा शहरात जाऊन डॉक्टर झाला. आता शहरात शिकलेला एखादा डॉक्टर खेड्यात यायला हवा. तोवर आपण एक काम करू शकतो. घरातल्या प्रत्येकाचे आजार, गोळ्या आणि टोचलेल्या लसी एका वहीत लिहून ठेवायच्या. कोणताही डॉक्टर भेटला की वही पुढे करायची. आमच्या वहीचे पहिले पान आजीचे आहे. तुम्हीही आजच सुरुवात करा.