चाफा म्हणजे कोणता चाफा?

आमच्या घरात गेली पस्तीस वर्षे एक वाद चालू आहे आणि तो मिटण्याचे काही लक्षण दिसत नाही. पावसाळ्यात बाजारात केवडा आला की मी हौसेने एक कणीस घेऊन येतो आणि आमच्या सौ. ते तितक्याच तत्परतेने गॅलरीत नेऊन ठेवतात. केवड्याच्या वासाने त्यांचे डोके उठते. उलट त्यांना प्राणप्रिय असलेला हिरवा चाफा मला सोसत नाही. पिकून गेलेल्या फळांची टोपली उशाशी ठेवल्यासारखे वाटते. दोघांपैकी कोणाचे नाक खरे, याचा निवाडा करणारे न्यायालय अजून स्थापन व्हायचे आहे.

आता हा हिरवा चाफा घ्या. आपल्या मराठीत चाफे तरी किती! सोनचाफा, देवळापुढचा पांढरा चाफा, कवठी चाफा, नागचाफा, भुईचाफा आणि हा हिरवा. नावावरून कोणालाही वाटेल की ही सगळी चुलत-मावस भावंडे आहेत. प्रत्यक्षात सोनचाफा आणि कवठी चाफा यांचे नाते जवळचे. बाकीच्यांचा त्यांच्याशी आणि एकमेकांशी फारसा संबंध नाही. भुईचाफा तर हळदीच्या कुळातला. आपल्या पूर्वजांना सुवास आवडला आणि त्यांनी त्याला चाफा म्हटले, इतकेच. व्यवहारात त्याने काही बिघडले नाही. पण एका माणसाला हा असला कारभार मुळीच खपला नसता. फुलाची ओळख वासावरून पटवू नये, असा नियमच त्याने घालून दिला होता. त्या माणसाचे नाव कार्ल लिनियस.

लिनियसचा जन्म मे १७०७ मधला, दक्षिण स्वीडनमधल्या रोशुल्ट नावाच्या खेड्यातला. वडील निल्स हे चर्चचे पाद्री आणि बागेचे वेडे. त्या भागात तेव्हा आडनाव लावण्याची पद्धत नव्हती. मुलाच्या नावापुढे बापाचे नाव लावले की काम भागे. निल्स विद्यापीठात शिकायला गेले तेव्हा आडनावाची गरज पडली. त्यांनी वडिलोपार्जित जमिनीवरच्या एका मोठ्या लिंडन वृक्षावरून लिनियस हे आडनाव घेतले. म्हणजे पुढे ज्याने जगातल्या झाडांना नावे दिली, त्याला स्वतःचे नाव एका झाडाने दिले होते.

कार्ल लहानपणी रडू लागला की हातात फूल द्यायचे, म्हणजे तो शांत होई, अशी घरातली आठवण आहे. थोडा मोठा झाल्यावर तो वडिलांना प्रत्येक झाडाचे नाव विचारी आणि विसरून जाई. एक दिवस वडील वैतागले. सांगितलेली नावे लक्षात ठेवणार नसशील तर यापुढे एकही नाव सांगणार नाही, अशी त्यांनी तंबी दिली. त्या धाकाने मुलाने नावे पाठ करायला सुरुवात केली. नाव विसरण्याची ही भीती आपण ध्यानात ठेवू या; शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

शाळेत मात्र गाडी अडली. मुलाने आपल्यासारखे पाद्री व्हावे, ही आईवडिलांची इच्छा. वेक्शो गावच्या शिक्षकांनी वडिलांना सांगितले की याला धर्मशास्त्र जमणार नाही, शिंप्याच्या किंवा चांभाराच्या हाताखाली घाला. सुदैवाने रोथमान नावाचे एक डॉक्टर त्याच गावात होते. त्यांनी मुलाला आपल्या घरी ठेवून घेतले, शिकवले आणि वैद्यकाकडे वळवले. प्रथम लुंड आणि मग १७२८ मध्ये उप्साला विद्यापीठ. तिथे इतके दारिद्र्य की बुटांच्या तळाला कागद घालून चालावे लागे. विद्यापीठाच्या बागेत फुले निरखत बसलेल्या या फाटक्या तरुणाकडे ओलोफ सेल्सियस या विद्वान प्राध्यापकांचे लक्ष गेले, त्यांनी त्याला घरी आसरा दिला आणि नशीब पालटले. १७३२ मध्ये तो लॅपलँडच्या प्रदेशात भटकून आला. तिथल्या जंगलात जमिनीलगत वाढणारे, जोडीजोडीने उमलणारे एक नाजूक गुलाबी फूल त्याला फार आवडले. संध्याकाळी त्याला मंद वास सुटतो. पुढे त्या फुलालाच त्याचे नाव मिळाले, लिनिया.

१७३५ मध्ये तो हॉलंडला गेला आणि त्याच वर्षी निसर्गाची मांडणी करणारे त्याचे छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. पाने जेमतेम डझनभर, पण त्यातली कल्पना सोपी आणि धीट होती. फूल हातात घ्या आणि पुंकेसर मोजा. एक असेल तर पहिला वर्ग, दोन असतील तर दुसरा. अशा क्रमाने चोवीस वर्ग. वासाचा प्रश्न नाही आणि रंगाचाही नाही. आपणही हा प्रयोग करून पाहावा. जाई आणि पारिजातक दोन्हींत दोनच पुंकेसर सापडतील. पांढऱ्या चाफ्यात पाच मिळतील, सोनचाफ्यात मात्र मोजता मोजता दमायला होईल. चाफा म्हणजे कोणता चाफा, या प्रश्नाचे उत्तर देणारी ही पहिली सोपी पद्धत. फुलाच्या पाकळ्यांना त्याने विवाहशय्येची उपमा दिली, तेव्हा हे लिखाण अश्लील आहे म्हणून सेंट पीटर्सबर्गच्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाने हाकाटी केली. पण जो तो पुंकेसर मोजू लागला होता.

हॉलंडमध्ये त्याला आश्रय दिला तो जॉर्ज क्लिफर्ड या पेढीवाल्याने. मी बँकेत आयुष्य काढले, त्यामुळे या गृहस्थाविषयी मला विशेष जिव्हाळा. हार्टेकांपच्या त्याच्या बागेत काचेची उष्णगृहे होती. तिथे लिनियसने केळीला फूल आणून दाखवले आणि बागेतल्या झाडांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. १७७२ च्या अखेरीस आर्थिक अरिष्टात क्लिफर्ड घराण्याची पेढी बुडाली. ठेवी गेल्या, पत गेली, पण फुलांचा तो ग्रंथ अजून अभ्यासला जातो. बँकेतल्या कोणत्याही कर्जाला इतके उत्तम तारण मिळाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

स्वीडनला परतल्यावर त्याने डॉक्टरकी केली, लग्न केले आणि १७४१ मध्ये तो उप्सालाला प्राध्यापक झाला. १७५३ मध्ये त्याचा दोन खंडांचा मोठा ग्रंथ आला. त्यात सुमारे सहा हजार वनस्पतींची नोंद आहे. प्रत्येकीला दोन शब्दांचे नाव, आधी घराण्याचे, मग स्वतःचे. आमच्या लेजरात जसे आडनाव आधी आणि नाव मागाहून, अगदी तसेच. त्याआधी एकेका झाडाचे नाव म्हणजे लांबलचक वर्णन असे. आजही वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची अधिकृत सुरुवात याच ग्रंथापासून धरतात.

आपल्या अंगणातली मंडळीही त्या ग्रंथात हजर आहेत. सोनचाफा आहे, बकुळ आहे, पारिजातक आहे, झेंडू आणि जास्वंदही आहे. लिनियस भारतात कधीच आला नाही. मग ही फुले त्याला भेटली कुठे? पुष्कळशी एका पुस्तकात. कोचीनचा डच अधिकारी व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ पासून अ‍ॅमस्टरडॅमला छापवून घेतला होता. त्याला माहिती पुरवणाऱ्यांत केरळचे वैद्य इट्टी अच्युदन होते, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्यही होते. त्यांच्या समाजाचे पूर्वज गोव्याहून तिकडे गेलेले. या तिघांचे नागरी लिपीतले निवेदन पहिल्या खंडात छापलेले आहे. बकुळीच्या शास्त्रीय नावात एलेंगी हा मल्याळी शब्द आणि सोनचाफ्याच्या नावात चंपक टिकून राहिला, तो या ग्रंथामुळे. मात्र मोगऱ्याच्या बाबतीत आमच्या आचार्यांचीही चूक झाली. त्यांनी त्याला पारिजातकाच्या घराण्यात घातले. १७८९ मध्ये दुसऱ्या एका शास्त्रज्ञाने त्याला जाईजुईच्या घरी पोहोचते केले.

वासाविषयी लिनियसचे म्हणणे स्पष्ट होते. वासाला सीमा नसते, तो बदलतो आणि नाकागणिक त्याची साक्ष फिरते. म्हणून वेगळ्या जातींमधला फरक ठरवण्यासाठी तो पुरावा चालणार नाही. गंमत अशी, की पुराव्यातून वगळलेल्या या वासालाही शिस्त लावल्याशिवाय त्याला चैन पडेना. औषधी वनस्पतींचा गुण वासावरून ताडता येतो, असे वैद्य म्हणून त्याला वाटत होते. १७५२ मध्ये त्याने वासांचे सात वर्ग पाडले: मसाल्याचे, सुगंधी, कस्तुरीसारखे, लसणाचे, बोकडाचे, उग्र घाण आणि ओकारी आणणारे. सुखद वासापासून असह्य वासापर्यंत उतरणारी ही शिडीच म्हणा ना.

यात जाईला अर्थातच मानाचे स्थान. हिंग आणि लसूण एका कप्प्यात. आणि आपला झेंडू? तो उग्र घाणीत! दसऱ्याला ज्याचे तोरण आपण दाराला बांधतो, त्याला या माणसाने खालून दुसऱ्या पायरीवर बसवले. हिंगाच्या फोडणीने आपली भूक खवळते आणि स्वीडनमधला माणूस खिडकी उघडतो. म्हणजे आपल्याच नियमाची सत्यता त्याने आपल्याच वर्गीकरणातून सिद्ध करून दाखवली.

आज विज्ञान याच्या पुढे गेले आहे. माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक असतात आणि त्यांची घडण माणसागणिक थोडी वेगळी असते. व्हायोलेट फुलातले एक सुगंधी द्रव्य काहींना फुलासारखे, तर काहींना आंबूस लागते. तो फरक एका जनुकाशी जोडलेला आहे, हे २०१३ मध्ये दाखवले गेले. जाईच्या सुगंधात इंडोल नावाचा जो अंश असतो, तोच विष्ठेतही असतो. हे वाचून दाखवल्यावर सौ. म्हणाल्या की मग माझेही खरे आणि तुमचेही खरे. पण केवडा गॅलरीतच राहिला.

एका बाबतीत मात्र या माणसाला माफ करणे जड जाते. फुलांची जात ठरवताना रंगावर फार विसंबू नका, असे तो शिष्यांना शिकवत असे. तोच माणूस माणसांकडे वळला तेव्हा त्याने १७३५ मध्ये त्यांचे खंडांप्रमाणे आणि रंगांप्रमाणे चार प्रकार पाडले आणि १७५८ च्या आवृत्तीत प्रत्येक रंगाला स्वभावही चिकटवला. युरोपीय हुशार आणि आफ्रिकी आळशी, अशा थाटाचा. या वर्गीकरणाचा आधार घेऊन पुढे जे अन्याय झाले, ते सर्वांना ठाऊक आहेत. जी सावधगिरी त्याने फुलाला दाखवली, ती माणसाला दाखवली असती तर!

त्याचे शिष्य झाडे गोळा करायला जगभर गेले आणि त्यातले कित्येक परतलेच नाहीत. फोर्सकोल हा शिष्य डॅनिश मोहिमेबरोबर अरबस्तानात गेला आणि १७६३ मध्ये येमेनमध्ये मलेरियाने वारला. त्याचे लिखाण सांभाळले ते सहप्रवासी नीबूर याने. हाच नीबूर पुढे मुंबईत येऊन राहिला, घारापुरीच्या लेण्यांची त्याने चित्रे काढली आणि त्या मोहिमेतून जिवंत परतलेला तो एकटाच. त्याने १७७५ मध्ये छापवलेल्या फोर्सकोलच्या ग्रंथात केवड्याचे शास्त्रीय वर्णन आहे. आणि आमच्या सौ.चा हिरवा चाफा? त्याला १७८२ मध्ये शास्त्रीय नाव दिले लिनियसच्या मुलाने. आमच्या घरचे भांडण असे त्याच घराण्यात जाऊन मिळते.

लिनियसला सरदारकी मिळाली, मानसन्मान मिळाले. १७७४ मध्ये पक्षाघाताचा पहिला झटका आला, दोन वर्षांनी दुसरा. त्यानंतर नावे निसटू लागली. सहा हजार वनस्पतींची नावे ठेवणाऱ्याला अखेर स्वतःचे नावही आठवेना. आपलेच ग्रंथ तो चाळी आणि ते आपण लिहिले आहेत हे न कळून त्यांचे कौतुक करी, असे सांगतात. वडिलांनी घातलेला धाक असा म्हातारपणी खरा झाला. जानेवारी १७७८ मध्ये तो गेला. त्याची वाळवलेली फुले त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये एका इंग्रज तरुणाला विकली आणि ती आजही लंडनच्या लिनियन सोसायटीत जपून ठेवलेली आहेत. बँकेत आम्ही नमुना सहीचे कार्ड जपत असू, तसेच हे. शंका आली की मूळ नमुन्याशी ताडून पाहायचे.

लिनियसच्या या शेवटच्या दिवसांविषयी मी पहिल्यांदा वाचले, तेव्हा माझी आई अंथरुणाला खिळलेली होती. तिचीही नावे जाऊ लागली होती. आधी शेजाऱ्यांची, मग नातवंडांची आणि शेवटी माझे. फुलांची नावे तर कधीच गेली होती. एका सकाळी फिरून येताना मी रस्त्यावर पडलेली मूठभर बकुळीची फुले आणली आणि तिच्या ओंजळीत ठेवली. तिने ती बराच वेळ नाकाशी धरली. नाव काही तिला सांगता आले नाही. लिनियसने तिला ओळखपरीक्षेत नापासच केले असते. पण थोड्या वेळाने तिने माझ्याकडे पाहिले आणि सुई-दोरा मागितला.

मी तो आणून दिला.