चित्रकार रेन्वार आणि कान्यची टेकडी

फ्रान्स देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर, नीस शहराच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर, कान्य नांवाचें एक गांव आहे. त्याचा जुना भाग एका उंच टेकडीच्या माथ्यावर वसलेला असून त्यास ओ-द-कान्य, म्हणजे वरचें कान्य, असें म्हणतात. इ. स. १३०९ च्या सुमारास ग्रिमाल्दी घराण्यांतील एका सरदारानें तेथें किल्ला बांधिला, व त्याच्या आश्रयानें दगडी घरें एकमेकांस चिकटून उभीं राहिलीं. आम्ही तें गांव पाहावयास गेलों तेव्हां वाट चढतां चढतां चांगलाच दम लागला. गल्ल्या अरुंद व उभ्या. कोठें पायऱ्या, तर कोठें डोक्यावर कमान. परंतु वरून एका बाजूस भूमध्य समुद्र व दुसऱ्या बाजूस आल्प्सचे डोंगर दिसूं लागले, तेव्हां सारे श्रम आम्ही विसरलों.

किल्ला पाहण्याच्या हेतूनें आम्ही गेलों खरे. पण मनांत घर करून राहिली ती पलीकडच्या उतारावरील ऑलिव्हची एक बाग. पवित्र शास्त्रांत ज्यास जैतून म्हटलें आहे, तेंच हें झाड. त्या बागेंत चित्रकार रेन्वार यानें आपल्या आयुष्याचीं अखेरचीं अकरा वर्षें काढलीं. त्याची हकीकत आमच्या बालवाचकांस सांगावी असें तेव्हांच मनांत आलें.

पिएर ओग्युस्त रेन्वार याचा जन्म २५ फेब्रुवारी १८४१ रोजीं लिमोझ येथें झाला. बाप शिंपी होता. मुलगा लहान असतांनाच कुटुंब पॅरिस येथें राहावयास आलें, व वयाच्या तेराव्या वर्षीं ओग्युस्त चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रें काढण्याच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून लागला. हात चांगला बसला होता. पण भांड्यांवर यंत्रानें चित्रें उठविण्याची रीत निघाली, आणि १८५८ सालीं कारखाना बंद पडला. मग त्यानें पंखे रंगविले, आणि परदेशीं जाणाऱ्या मिशनऱ्यांकरितां पडदेही रंगविले. हें वाचून आमच्यासारख्या शाळेंतील मुलांस गंमत वाटेल. त्यांतला एखादा पडदा कोणत्या मुलखांत जाऊन फाटला असेल कोण जाणे!

१८६२ सालीं तो चित्रकलेच्या विद्यालयांत शिरला. मोने, सिस्ले व बाझील हे त्याचे सोबती तेथलेच. दारिद्र्य असें, कीं कित्येकदां रंग विकत घेण्यासही पैसे नसत. १८७० च्या युद्धांत बाझील मारला गेला. पुढें सरकारी प्रदर्शनाच्या परीक्षकांस कंटाळून या मित्रांनीं १८७४ सालीं स्वतःचें प्रदर्शन भरविलें. टीकाकारांनीं त्यांची थट्टा केली, व मोनेच्या एका चित्राच्या नांवावरून त्यांस इम्प्रेशनिस्ट असें नांव ठेविलें. चेष्टेचें तें नांव पुढें मानाचें झालें. त्यांचा अपराध एवढाच, कीं ते उघड्या हवेंत बसून प्रकाश जसा दिसेल तसा रंगवीत, व सावलींत काळ्याऐवजीं निळा व जांभळा रंग पाहत. रेन्वारच्या १८७६ सालच्या एका चित्रांत पॅरिसमधील बागेंत माणसें नाचत आहेत, आणि पानांतून गळणारें ऊन त्यांच्या कपड्यांवर ठिपक्याठिपक्यांनीं पडलें आहे. तें चित्र छापील प्रतीवरून कां होईना, प्रत्येकानें एकदां पाहावें.

कीर्ति आली, पैसा आला, आणि त्याच सुमारास दुखणेंही आलें. सन १८९७ मध्यें सायकलवरून पडून त्याचा उजवा हात मोडला. हाड सांधलें, पण संधिवातानें सांधे एकेक करून धरले. उबदार हवेसाठीं तो कान्यला येऊं लागला. तेथें ऑलिव्हचीं कित्येक शतकांचीं झाडें तोडलीं जाणार असें त्यास कळलें, व तीं वांचविण्यासाठीं १९०७ सालीं त्यानें ले कोलेत नांवाची ती सारी जमीनच विकत घेतली. पुढच्या वर्षीं तेथें नवें घर उभें राहिलें. जुनें शेतघर मात्र त्यानें तसेंच राखलें.

थोड्याच वर्षांत पाय गेले. समोरच्या टेकडीवरील ज्या गल्ल्या आम्ही धापा टाकीत चढलों, त्या त्यास आतां दुरूनच पाहावयाच्या होत्या. तो त्या बागेंतून पाही व रंगवी. बोटें आंत वळून तळव्यांत रुतूं लागलीं. त्याच्या हातास कुंचला बांधीत असत, अशी एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. ती आम्हांस खरी वाटत नाहीं. पट्ट्या असत त्या कातडी सोलूं नये म्हणून. कुंचला दुसरा कोणी त्याच्या बोटांत देई व तो स्वतःच धरी. १९१५ सालीं घेतलेलें एक मूक चलच्चित्र उपलब्ध आहे. त्यांत त्याचा धाकटा मुलगा क्लोद शेजारीं उभा राहून मदत करतांना दिसतो, आणि म्हातारा रेन्वार भराभर रंगवीत असतो. मोठें चित्र काढावयाचें तर हात वर पोहोंचत नसे. म्हणून कापड रुळांवर गुंडाळून वरखालीं सरकवितां येईल अशी युक्ति योजिली होती. मूर्ति घडविण्याचीही त्यास हौस होती. १९१३ पासून रिशार गिनो हा तरुण शिल्पकार त्याच्या सूचनेप्रमाणें माती घडवूं लागला. त्या मूर्ति बरींच वर्षें एकट्या रेन्वारच्या नांवावर खपल्या. अखेर १९७३ सालीं फ्रान्सच्या वरिष्ठ न्यायालयानें गिनो हाही त्यांचा कर्ता असें मान्य केलें, हें योग्यच झालें.

महायुद्धांत पिएर व झां हे वडील मुलगे जखमी झाले. झां यास इस्पितळांत पाहून परतल्यावर त्याची पत्नी आलीन १९१५ च्या जूनमध्यें वारली. यानंतरही घोडीवर नवें कापड चढतच राहिलें. १९१९ सालीं त्यास खुर्चींत बसवून पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत नेलें, आणि जुन्या थोर चित्रकारांच्या सान्निध्यांत लागलेलें आपलें चित्र त्यानें पाहिलें. त्याच वर्षीं ३ डिसेंबर रोजीं कान्य येथें त्याचा अंत झाला.

घर व बाग १९६० सालीं गांवच्या नगरपालिकेनें घेतली, व तेथें आतां संग्रहालय आहे. चित्रशाळेंत त्याची चाकांची खुर्ची व घोडी मांडून ठेविली आहे. ती पाहून आम्ही बाहेर येऊन झाडांखालीं कांहीं वेळ उभे राहिलों. खोडें पिळवटलेलीं, गांठाळ, आंतून पोकळ झालेलीं. पण फांद्यांवर पानें दाट होतीं. त्यांच्यामधून पलीकडे वरचें कान्य दिसत होतें, किल्ला व घरें मिळून जेमतेम तळहाताएवढें.