भावाने घराबाहेर काढलं, पण राम जोशींनी संस्कृत थेट डफावर आणलं

अमेरिकेतल्या ग्रेटा व्हॅन फ्लीट या रॉक बँडला २०१९ साली ग्रॅमी मिळालं आणि जुनाच वाद पुन्हा पेटला. ही पोरं लेड झेपलिनची नक्कल करतात, यात त्यांचं स्वतःचं काय, असं एका गटाचं म्हणणं. जुनं चांगलं असेल तर ते परत आणण्यात वाईट काय, असं दुसऱ्याचं.

या वादात मराठी माणसाने एक नाव हमखास घ्यायला हवं. शाहीर राम जोशी.

राम जोशी मूळचे सोलापूरचे. जन्म १७६० च्या आसपासचा. थोरले भाऊ मुद्गल जोशी कीर्तन-पुराण सांगायचे. घरात संस्कृत होतं, पण धाकट्या रामचं मन रमायचं तमाशाच्या फडात. त्या काळी ब्राह्मणाच्या पोराने फडात बसणं म्हणजे घराण्याची अब्रू वेशीवर टांगणं. शेवटी भावाने त्याला घराबाहेर काढलं.

राम पंढरपूरला गेला. तिथे त्याने संस्कृतचा रीतसर अभ्यास केला. आता पोरगा पोथी घेऊन बसेल असं कुणालाही वाटलं असतं. पण तो वळला पुन्हा लावणीकडेच.

आता यात नवीन काय होतं?

डफ जुना, तुणतुणं जुनं, शृंगाराचा विषयही जुनाच. राम जोशींनी बदलली ती भाषा. पंडितांच्या सभेत शोभतील असे संस्कृत शब्द, यमकं आणि अनुप्रास त्यांनी फडावर आणले. सोलापूरला कानडीचा शेजार, त्यामुळे मराठी, संस्कृत आणि कानडी एकत्र गुंफूनही त्यांनी रचना केल्या. शृंगारासोबत ढोंगी साधूंवर कोरडे ओढणारी पदंही लिहिली. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारापर्यंत त्यांचं नाव पोहोचलं.

पण खरी कसोटी लागली बारामतीत.

आज लोणी भापकर ज्या तालुक्यात येतं, त्या बारामतीत तेव्हा बाबूजी नाइकांच्या आश्रयाला कवी मोरोपंत राहायचे. पंतांनी रामायण-महाभारताच्या कथा पुन्हा पुन्हा सांगितल्या. एकट्या रामकथेवर त्यांच्या नावावर १०८ रामायणं सांगितली जातात. त्यातलं एक निरोष्ठ, म्हणजे ओठाला ओठ न लावता म्हणता येईल असं. गोष्ट तीच, दर वेळी अट नवी.

या पंतांच्या कानावर राम जोशींची कविता गेली. ही प्रतिभा कीर्तनाकडे वळव, असा सल्ला त्यांनी दिल्याचं सांगतात. पंत १७९४ साली वारले, म्हणजे तेव्हा राम जोशी फार तर पस्तिशीच्या आसपास असतील. ज्या फडापायी घर सुटलं, तोच सोडायचा होता.

राम जोशी कीर्तनाला उभे राहिले आणि मोरोपंतांच्या आर्या गाऊ लागले. वाचायला अवघड वाटणाऱ्या या आर्या लोकांच्या तोंडी बसल्या, त्यात राम जोशींचा मोठा वाटा आहे. ज्या कीर्तनाच्या घरातून त्यांना हाकललं होतं, तिथेच ते परतले. पण गळा फडावर तयार झालेला होता.

१८१२ च्या सुमारास ते गेले. त्यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनी, १९४७ मध्ये, व्ही. शांताराम यांच्या राजकमलने 'लोकशाहीर राम जोशी' हा चित्रपट आणला. जयराम शिलेदार राम जोशी झाले, हंसा वाडकर नायिका. पटकथा आणि गाणी ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचं. राम जोशींची गाजलेली 'सुंदरा' लावणीही त्यात होती. चित्रपट तुफान चालला आणि मराठीत तमाशापटांची लाटच आली.

गंमत म्हणजे यात राम जोशींच्या रचनेशेजारी गदिमांची नवी गाणी बसली होती. ऐकणाऱ्याला जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं हे पटकन कळत नाही. पण गदिमांनी आपली गाणी जुनी म्हणून खपवली नाहीत, आणि राम जोशींनीही पंतांच्या आर्या पंतांच्याच म्हणून गायल्या.

जुन्याला हात लावणं आणि जुनं ढापणं यातला फरक इथेच आहे. उसनं कुणाकडून घेतलं हे सांगायचं आणि त्यात आपली भर घालायची. आज कुणी 'सुंदरा' चित्रपटातल्या चालीवर गातं, तेव्हा शब्द राम जोशींचे असतात, चाल वसंत देसाईंची असते आणि गळा गाणाऱ्याचा.