ललिताबाईंचा डावा डोळा

येवल्यात १९१६ साली जन्मलेल्या ललिता पवार आधी नायिका होत्या. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात सहनटाची थप्पड जोरात बसली. चेहरा लुळा पडला, डावा डोळा अधू झाला. उपचार सुमारे तीन वर्षे चालले. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या असतात. गालावरची वेदना पाचवी कळवते. हसणे, डोळा मिटणे हे सातवीचे काम, आणि ती कानाखालूनच बाहेर येते. नायिकेची कामे गेली. मग त्याच बारीक डोळ्याने त्यांनी खाष्ट सासू आणि मंथरा घरोघरी पोचवल्या. ‘अनाडी’तली प्रेमळ मिसेस डिसा मात्र मला जास्त आवडते. १९९८ मध्ये त्या गेल्या.

भुसावळला तोंड वाकडे झालेले पेशंट ‘वारं लागलं’ म्हणत आठवडाभर तेल चोळून मग येतात. तीन दिवसांच्या आत या. हातपायही लुळे वाटले, तर तासभरही थांबू नका.